सात दिवस उशिराची नोंद

वकीलबाईंच्या ऑफिसात खुर्च्या चार होत्या आणि माणसं पाच, म्हणून मेट उभा होता. जावयाला उभं ठेवून बाकीच्यांनी बसायचं हे कुणालाच बरं वाटत नव्हतं. सारंग दोनदा उठू लागला, त्याच्या बायकोने, वहिनींनी, दोनदा पिशवी मांडीवर घेऊन जागा केल्यासारखं केलं. पण मेट दाराची चौकट सोडायला तयार नव्हता. "मला उभं राहायची सवय आहे, दादा. जहाजाच्या ब्रिजवर चार-चार तास उभाच असतो." हे खरं होतं. दाराजवळच्या माणसाला आधी निघता येतं, हेही तितकंच खरं होतं.

सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा मुकादम, आणि मेट म्हणजे कप्तानाच्या खालोखालचा अधिकारी. जहाजावर मेटने हुकूम सोडायचा आणि सारंगाने तो खलाशांकडून पार पाडून घ्यायचा. घरी मात्र पारडं उलट. सारंग हा मेटच्या बायकोचा थोरला भाऊ, तिला धाकटी म्हणणारा, तिच्या शाळेची फी भरलेला. त्यामुळे एकाच जहाजावर दोघे लागले तेव्हा सारंग डेकवर "साहेब" म्हणायचा, केबिनचं दार लागलं की "दाजी" म्हणायचा, आणि दोन्ही म्हणताना मिशीत हसायचा. चार वर्षांपूर्वीपर्यंतची ही गोष्ट. त्यानंतर सारंगाचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता आणि त्याला कुठल्याच जहाजावर कुणाला काही म्हणायची वेळ आली नव्हती.

"नीट ऐका," वकीलबाई म्हणाल्या. त्यांच्याकडे हे प्रकरण नुकतंच आलं होतं. आधीचे वकील दुसऱ्या पायरीवर हरले आणि तिसरीला आजारी पडले. "पहिली पायरी, कामगार अधिकारी. तो म्हणाला, खांदा कामावर असताना गेला, कंपनीने अपंगत्वाची भरपाई द्यावी. दुसरी पायरी, कामगार मंडळ. तिघं जण. त्यांनी ते उलटं केलं. म्हणाले, कामाचा आणि खांद्याचा संबंध नाही, वय झालंय. आता तिसरी पायरी, मोठं न्यायालय."

"म्हणजे परत पहिल्यापासून सगळं सांगायचं?" वहिनींनी विचारलं.

"काही सांगायचं नाही. इथे ह्यांचा खांदा कुणी बघणारसुद्धा नाही. आता खटला खांद्याचा नाही, मंडळाचा आहे. समोर असलेले कागद मंडळाने डोळे उघडे ठेवून वाचले की नाही, एवढंच न्यायालय बघणार."

"आणि मिटून वाचले असतील तर?"

"तर आपलं भाग्य."

वकीलबाईंनी दोन कागद पुढे सरकवले. एक होतं जहाजाच्या लॉगबुकाचं पान. त्यात लिहिलं होतं की एकवीस तारखेला, जहाज नांगरावर असताना, डेकवर काही काम नसताना, सारंगाने उजवा खांदा दुखत असल्याची तक्रार केली. केबिनमध्ये झोपेतून उठताना दुखणं सुरू झालं असं तो म्हणाला. दुसरं पान होतं दोरांच्या वहीचं. जहाज धक्क्याला बांधायच्या प्रत्येक दोराचा जन्ममृत्यू त्या वहीत असतो. त्यात चौदा तारखेला, सारंगाच्या गिचमिड अक्षरात, पुढचा तिसरा दोर बंदराला लागताना तुटला आणि बदलला, अशी नोंद होती.

"पहिल्या अधिकाऱ्याने दोरांची वही मानली. मंडळाने तिचा उल्लेखसुद्धा केला नाही," वकीलबाई म्हणाल्या. "मला ही फट पुरेल असं वाटतं. पण एक सांगा. लॉगबुकातलं अक्षर कसं मोत्यासारखं आहे. हे कुणी लिहिलं?"

सारंगाने चहाचा कप उचलला आणि परत ठेवला.

"यांनी," धाकटी म्हणाली, आणि तिच्या आवाजात थोडा अभिमान होता. "हे मेट होते ना त्या जहाजावर. पण हे फक्त लिहितात. सांगतो कप्तान. त्या कप्तानाचं कधी भलं होणार नाही बघा."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं आणि दाराकडे पाहिलं. प्रकरण आल्यापासून त्या ज्या लिहिणाऱ्याला शोधायचा विचार करत होत्या तो त्यांच्याच दाराला टेकून उभा होता.

"मग तुम्हीच सांगा. खरं काय झालं होतं?"

इथे मेटला चार वर्षांत पहिल्यांदा कुणी सरळ प्रश्न विचारला होता. उत्तर चार शब्दांचं होतं. त्याने घसा साफ केला.

"जसं लिहिलंय तसंच. सारंगांनी त्या दिवशी तक्रार केली."

"झोपेतून उठताना?"

"असं... ते म्हणाले."

वकीलबाई सारंगाकडे वळल्या. सारंग खिडकीबाहेर बघत होता. बाहेर समोरच्या इमारतीची भिंत होती, तिच्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"हो," सारंग म्हणाला. "असंच काहीतरी म्हटलं असेन मी. आता आठवत नाही."

स्वतःच्या खटल्यावर स्वतःच्या हाताने पाणी ओतणारा माणूस वकीलबाईंनी पूर्वी पाहिला नव्हता असं नाही. पण ओतून झाल्यावर ज्याच्यासाठी ओतलं त्याला "दाजी, चहा घ्या, गार होतोय" म्हणणारा पहिलाच.

*

खरं काय झालं होतं ते असं.

जहाजाच्या शिडीपाशी पत्र्याचा एक फळा होता. "अपघाताविना दिवस" असं वर रंगवलेलं, खाली आकड्यांच्या पाट्या लटकवायला तीन हूक. रोज सकाळी पाटी बदलायचं काम मेटचं. वर्षभर अपघात नाही झाला तर त्या जहाजावर सगळ्यांना घरी बोलायला इंटरनेट फुकट आणि हवं तितकं, असं कंपनीने जाहीर केलं होतं. तोवर महिन्याला मोजून एक तास मिळायचा, त्यातला अर्धा "ऐकू येतंय का?" यातच जायचा. त्यामुळे त्या फळ्याकडे बावीसच्या बावीस माणसं रोज देवाकडे बघावं तसं बघत. भटारखान्यात कुणाचं बोट कापलं तर तो आधी फळ्याकडे बघायचा आणि मग बोटाकडे.

तीनशे अठ्ठावन्नाव्या दिवशी, चौदा तारखेला, जहाज एका बंदरात लागत होतं. पुढच्या टोकावर मेट आणि सारंग. विंचवर, म्हणजे दोर ओढणाऱ्या यंत्रावर, तिसरा दोर ताणला जात होता.

"साहेब, हा दोर म्हातारा झालाय," सारंग म्हणाला. "जरा सैल सोडू."

"कप्तान ओरडतोय. अजून थोडा ताण द्या."

अजून थोडा ताण दिला. दोर तुटला, आणि तुटलेलं टोक सारंगाच्या खांद्यावर बसलं. सुदैव असं की डोक्यावर बसलं नाही. खलाशांनी सारंगाला धरून बसवलं, आणि मग सगळे मेटकडे बघू लागले. दुखलं किती, हे कुणी विचारलं नाही. सगळ्यांच्या डोळ्यांत एकच प्रश्न होता: फळा शून्यावर जाणार का?

मेट सारंगापाशी उकिडवा बसला. "सारंग, सात दिवस. फक्त सात दिवस कळ काढा. तीनशे पासष्ट झाले की पहिल्या कामाच्या दिवशी लिहू. दोर तेव्हाच तुटला म्हणू. तुमचं काही बुडणार नाही, माझा शब्द."

सारंगाने पोरांकडे पाहिलं. त्यातल्या एकाला आठवड्यापूर्वी मुलगी झाली होती, त्याने ती अजून पाहिली नव्हती. "लिहा मग सात दिवसांनी," सारंग म्हणाला, "खांदा कुठे पळून जातोय."

डाव्या हाताने त्याने दोरांची वही मात्र त्याच दिवशी भरली. ती त्याची वही होती, आणि दोराला फळ्याशी काही देणंघेणं नव्हतं.

हिशेब चुकला तो समुद्रामुळे नाही, बंदरातल्या गर्दीमुळे. माल उतरवून जहाज पुढच्या बंदराबाहेर गेलं तर रांग लागलेली. नांगर टाकला. तीनशे पासष्टावा दिवस उजाडला, केक कापला, फोटो काढला. फोटोत सारंगाने कंपनीचा झेंडा डाव्या हाताने धरला आहे. इंटरनेट सुरू झालं. ज्याला मुलगी झाली होती तो फोनसमोर ढसाढसा रडला. पण कामाचं चिन्ह दिसेना. नांगरावर दोर तुटत नाहीत. आणि सारंगाचा खांदा आता काळानिळा होऊन भोपळ्यासारखा सुजला होता, त्याला घरी पाठवणं भाग होतं, आणि घरी पाठवायचं तर लॉगबुकात काहीतरी लिहिणं भाग होतं.

कप्तान म्हणाला, "तू बघ काय लिहायचं ते." एवढंच. कप्तानाने काहीही सांगितलं नाही, त्याने फक्त सही केली. मेट टेबलाशी बसला. चौदा तारीख लिहिली तर सात दिवस लपवलं हे उघड होतं, बक्षीस परत जातं, आणि पहिलं विचारणं मेटकडे येतं. एकवीस लिहिली तर काम नाही. मग कारण काय द्यायचं? त्याने पेन्सिलीने दोन-तीन वाक्यं लिहून पाहिली आणि शेवटी पेनाने लिहिलं: झोपेतून उठताना. वाक्य त्याला तेव्हा चांगलं वाटलं होतं. कुणाचंच नुकसान न करणारं.

त्या दोन शब्दांवर कंपनीच्या डॉक्टरने लिहिलं, वयोमानाने झीज. त्यावर मंडळाने लिहिलं, कामाशी संबंध नाही.

*

आठवड्याने मेट सारंगाच्या घरी गेला. बरोबर स्टँप पेपरवर टाइप केलेलं प्रतिज्ञापत्र होतं; सही करायची बाकी होती. एका बाजूच्या खिशात हे आणि दुसऱ्या बाजूच्या खिशात भरती एजन्सीचं पत्र. पुढच्या महिन्यापासून तो कप्तान होणार होता. दोन्ही कागद घेऊन निघाला होता, पण कुठला दाखवायचा हे ठरलं नव्हतं.

सारंग बाहेर निघायच्या तयारीत होता. वहिनी त्याला शर्ट घालत होत्या. आधी उजवी बाही, हात खालीच ठेवून वर ओढायची. मग पाठीमागून शर्ट फिरवायचा. मग डावा हात तो स्वतः घालायचा. वहिनींचे हात न बघता चालत होते. चार वर्षांत असं रोज दोनदा, म्हणजे किती वेळा, हे मेटच्या डोक्यात आपोआप मोजलं जाऊ लागलं आणि त्याने मध्येच सोडून दिलं.

"या कप्तान," सारंग म्हणाला. "धाकटीने सांगितलं. पेढे कुठायत?"

"दादा, मी जबाब देतो. हे बघा. सगळं लिहिलंय. सात दिवस, फळा, झोपेतून, सगळं."

सारंगाने कागद वाचला नाही. चष्मा शोधल्यासारखं केलं आणि सापडला नाही असं ठरवलं.

"तुम्ही म्हणालात सात दिवस थांबा, मी म्हटलं थांबतो. दोघांनी मिळून केलेली भानगड एकाच्या नावावर कशी घालू? आणि तुमचं नाव घेतलं की धाकटीचं नाव आलं. तिला काय सांगायचं, तुझ्या नवऱ्याने तुझ्या भावाचा हात खाल्ला?"

"पण खटला—"

"खटल्याचं बाई बघतील. हुशार आहे. तुम्ही जहाजावर जा, दाजी. आमच्या घरात निदान एक तरी माणूस पाण्यावर राहू दे."

 वहिनींनी शर्टाची शेवटची गुंडी लावली आणि मेटकडे बघून इतकंच म्हणाल्या, "चहा टाकू का? की तोही सात दिवसांनी?"

मेट तिथून निघाला तो सरळ वकीलबाईंकडे गेला. त्यांनी प्रतिज्ञापत्र उभ्याउभ्या वाचलं, मग बसून वाचलं.

"इतका खरा कागद वर्षभरात माझ्या टेबलावर आला नाही," त्या म्हणाल्या. "आणि इतका उशिराचाही. वरातीमागून घोडं, मेटसाहेब. ही साक्ष पहिल्या पायरीवर द्यायची. मोठं न्यायालय नवी साक्ष घेत नाही. अर्ज करून बघता येईल. बहुतेक फेटाळतील."

"म्हणजे दादांचा फायदा नाही?"

"कदाचित थोडा. कदाचित शून्य."

"आणि अर्जाची प्रत कंपनीला जाईल."

"त्याच दिवशी."

खोटी नोंद करणाऱ्याला कुठली कंपनी कप्तान करते, आणि कुठलं खातं त्याचा परवाना तसाच ठेवतं, हे वकीलबाईंनी सांगितलं नाही आणि मेटने विचारलं नाही. फायदा कदाचित, तोटा नक्की. असा सौदा शहाणा माणूस करत नाही. मेट शहाणा होता.

"मी जरा विचार करतो," तो म्हणाला. "दोन दिवस द्या."

दारातून बाहेर पडल्यावर त्याला आपण काय म्हणालो ते ऐकू आलं: परत दिवसच मागितले होते. तो जिन्यात थांबला. मग खाली उतरून घरी गेला. दोन दिवस गेले, आणखी चार गेले. प्रतिज्ञापत्र खिशातच राहिलं, सहीवाचून.

*

सुनावणीच्या दिवशी कॉरिडॉरमध्ये एजन्सीचा माणूस भेटला. कंपनीच्या वकिलांची बॅग सांभाळायला आला होता. "अरे, कप्तानसाहेब, तुम्ही इथे?" त्याने हात पुढे केला. मेटने तो हातात घेतला आणि पलीकडे उभ्या सारंगाने तोंड फिरवून नोटीस बोर्ड वाचायला घेतला.

आत दोन न्यायमूर्ती होते. बोलायचे ते थोरले. सारंग, वहिनी आणि धाकटी दुसऱ्या बाकावर, मेट सर्वांत मागे, भिंतीला लागून. वकीलबाईंनी वीस मिनिटांत काम केलं. दोरांची वही वर धरली. दोर चौदाला तुटला, ती नोंद त्याच दिवशी झाली, खांद्याचा स्नायू फाटल्याचा दुसऱ्या डॉक्टरचा दाखला तिच्याशी जुळतो. मंडळाच्या निकालात या वहीबद्दल एक अक्षर नाही. "मंडळाने वही खोटी ठरवली असती तर मी आज इथे नसते, माय लॉर्ड. मंडळाने ती उघडलीच नाही."

थोरल्या न्यायमूर्तींनी चष्म्यावरून पाहिलं. "पण मग एकवीस तारीख कुठून आली? ज्याने ती लिहिली, तो मेट, त्याला का तपासलं नाही?"

"लॉगबुक कंपनीचं आहे. तपासायचं काम कंपनीचं होतं."

हे उत्तर बरोबर होतं आणि तिथेच थांबलं असतं तर बरं झालं असतं. पण कंपनीचे वकील उठले. एजन्सीच्या माणसाने त्यांच्या कानात काहीतरी सांगितलं होतं, आणि ते ऐकून त्यांचा चेहरा लॉटरी लागल्यासारखा झाला होता.

"माय लॉर्ड, तो मेट अर्जदाराच्या सख्ख्या बहिणीचा नवरा आहे. घरचा माणूस. तो आजही या दालनात बसलाय." दोन-चार माना मागे वळल्या. "लॉगबुकाची नोंद खोटी असती तर चार वर्षांत ज्याने ती लिहिली तो घरचा माणूस निदान एकदा तरी म्हणाला असता की खोटी आहे. तो एक शब्द बोलला नाही. याहून मोठा पुरावा मी कुठून आणू?"

 आतापर्यंत त्याचं गप्प बसणं ही नुसती वजाबाकी होती. न दिलेली मदत, एवढंच. आता समोरच्या पक्षाने ती उचलून स्वतःच्या बाजूला जमा करून घेतली होती. दुसऱ्या बाकावरच्या सारंगाची मान हलली नाही. धाकटीची हलली. तिने मागे वळून नवऱ्याकडे पाहिलं, रागाने नव्हे. काही अडलं की ती त्याच्याकडे पाहते तशी, आता हे सांगतील अशा खात्रीने.

तो उभा राहिला.

"कोण तुम्ही?" न्यायमूर्ती म्हणाले.

"मेट. तोच."

"बसा खाली. इथे साक्ष होत नाही."

"नोंद खोटी आहे, साहेब. दोर चौदालाच लागला. मीच म्हटलं सात दिवस थांबा. झोपेतून वगैरे मी मनाने लिहिलं."

"बसा म्हटलं ना!" न्यायमूर्तींनी हात वर केला, आणि लिहून घेणाऱ्या बाईंकडे वळून म्हणाले, "हे काही नोंदवू नका. न्यायालयाने हे ऐकलेलं नाही." मग कंपनीच्या वकिलांना, "आणि मौन हा पुरावा नव्हे. पुढे चला."

न्यायालयाने ऐकलं नाही, पण बाकी दालनाला कान होते. एजन्सीच्या माणसाने खिशातून छोटी डायरी काढली. मेट खाली बसला. त्याला वाटलं होतं, बोलल्यावर हलकं वाटेल. तसं काही झालं नाही. भर दालनात एखाद्याची लुंगी सुटावी आणि वर लोकांनी म्हणावं, आम्ही काही पाहिलं नाही, तसं झालं.

निकाल राखून ठेवला. बाहेर आल्यावर मेट सारंगाजवळ गेला. का गेला हे त्यालाही सांगता आलं नसतं. शाबासकी हवी होती असं म्हणायला लाज वाटते, पण जवळपास तेच.

सारंगाने त्याला आयुष्यात पहिल्यांदा अरेतुरे केलं.

"तू का उठलास?" त्याचा आवाज अजिबात चढलेला नव्हता. "मंडळापुढे मला त्या तिघांनी तीनदा विचारलं, सात दिवस कुठे होतास? तीनदा मी म्हटलं, आठवत नाही. त्या आठवत नाहीवर मी हरलो. कळलं? मी हरलो ते तुला झाकताना. चार वर्षं हिने माझे शर्ट घातले ते तुला झाकताना. बोलायचंच होतं तर तेव्हा बोलायचं होतंस, मी जिंकलो तरी असतो. आज बोलून काय झालं? कागदावर एक अक्षर आलं नाही आणि तुझी कप्तानकी गेली. माझं चार वर्षांचं गप्प बसणं तू एका मिनिटात मातीत घातलंस."

"अहो, चला," वहिनी म्हणाल्या आणि त्याच्या डाव्या दंडाला धरलं.

धाकटी तिथेच उभी होती. ती नवऱ्याला म्हणाली, "कप्तानाने नव्हतं सांगितलं?"

"नाही."

"झोपेतून उठताना, हे तुमचं?"

"माझं."

"चार वर्षं मी त्या माणसाला रोज शिव्या दिल्या. त्याच्या पोराबाळांपर्यंत गेले. तुम्ही समोर बसून मान डोलवायचात." ती थांबली. "एकदा तर तुम्ही म्हणालात, जाऊ दे, त्यालाही काही अडचण असेल."

 ती भावाच्या मागोमाग जिना उतरली. मेट दोन पायऱ्या मागे राहून उतरला.

*

तीन दिवसांनी एजन्सीचा फोन आला. रुजू व्हायची तारीख पुढे ढकलली आहे, कागदपत्रांची तपासणी चालू आहे, आम्ही कळवू. आवाज अतिशय गोड होता. "साहेब" म्हणत होता, "कप्तानसाहेब" म्हणत नव्हता.

सहा आठवड्यांनी निकाल लागला. मंडळाचा निकाल रद्द. पहिल्या अधिकाऱ्याचा कायम. वकीलबाईंनी निकालाची प्रत पाठवली आणि सगळे सारंगाच्या घरी जमले. म्हणजे धाकटी गेली, आणि जाताना म्हणाली, "यायचं तर या." सहा आठवड्यांत तिने त्याच्याशी गॅस, दूध आणि विजेचं बिल सोडून दुसरं फारसं काही बोललेलं नव्हतं, त्यामुळे एवढंही त्याला पुष्कळ वाटलं.

सारंगाने दार उघडलं, "या" म्हटलं. पुढे दाजी लावलं नाही, तू म्हटलं नाही.

वाचायला धाकटी बसली. निकाल लांबलचक होता. दोरांची वही त्यात सहा वेळा आली. मंडळाने महत्त्वाचा पुरावा नजरेआड केला, हा निव्वळ मतभेद नसून अधिकाराचा गैरवापर आहे, वगैरे. वहिनी प्रत्येक वाक्यानंतर विचारत होत्या, "म्हणजे चांगलं ना?" आणि सारंग म्हणत होता, "चांगलं, चांगलं, वाचू दे तिला."

मग ती अडखळली.

"काय गं?"

तिने आधी मनात वाचलं, मग मोठ्याने. "जहाजाचा मेट हा अर्जदाराचा नातलग असल्याचे कंपनीतर्फे सांगण्यात आले. सदर मेट कोणत्याही टप्प्यावर सत्य सांगण्यासाठी पुढे आला नाही. तथापि त्याच्या मौनाचा भार अर्जदारावर टाकणे न्याय्य होणार नाही."

कुणी "चांगलं ना" विचारलं नाही.

धाकटी नवऱ्याकडे न बघता म्हणाली, "हे चूक आहे. हे उभे राहिले होते. मी पाहिलंय. सगळ्यांनी पाहिलंय." तिचा आवाज रागीटच होता, पण राग यावेळी कागदावर होता. "बाईंना फोन करते. अर्ज देऊन दुरुस्त करून घेता येतं असं त्याच म्हणाल्या होत्या. उद्या पोरं वाचतील हे."

"नको," मेट म्हणाला.

"का नको? खोटं का राहू द्यायचं?"

"खोटं नाही ते."

"दाजी," सारंग म्हणाला, आणि मेटने वर पाहिलं. सारंगाच्या तोंडून ते सवयीने निसटलं होतं की मुद्दाम आलं होतं, हे कळायला मार्ग नव्हता. "तुम्ही उठला होतात. मला राग आला होता, तरी उठला होतात, हे मी नाही म्हणणार नाही. दुरुस्त होत असेल तर करून घ्या."

"टप्पे तीन होते, दादा. पहिल्याला मी समुद्रावर होतो, म्हणजे तसं कळवून टाकलं. दुसऱ्याला इथेच होतो. सुट्टीवर. तुम्ही मंडळापुढे उभे होतात त्या दिवशी मी घरी नळ दुरुस्त करत होतो." त्याने तळहात पँटला पुसले. "तिसऱ्याला उठलो तेव्हा सांगण्याची जागाच नव्हती. आणि मला ते माहीत होतं. बाईंनी आधीच सांगितलं होतं. जिथे माझी साक्ष धरली असती तिथे नाही उठलो. त्यांनी लिहिलंय ते बरोबर आहे. राहू दे."

वहिनी आत जायला उठल्या आणि गेल्या नाहीत. सारंग डाव्या हाताने उजवा खांदा चोळत राहिला. दुखलं की करतो तसं. तो नाही म्हणाला नाही.

धाकटीने फोन बाजूला ठेवला. पान उलटलं. "पुढे वाचू?" तिने भावाला विचारलं.

"वाच," सारंग म्हणाला.

ती पुढचा परिच्छेद वाचू लागली.